तलवारीच्या टोकावरचं लिंबू

लोक विचारतात, "तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" अहो, येतात कुठून म्हणजे काय? आम्ही तिघं एकत्र बसलो की होतातच! फक्त एक आहे. दुसऱ्यांचे किस्से माणूस छाती काढून सांगतो. आमचे सांगताना माझी मान हळूहळू खाली जाते, आणि शेवटचा तर मी जमिनीकडे बघूनच सांगतो.

तिघं म्हणजे कोण? माझं कळंबच्या बाजारात फोटो-फ्रेमचं दुकान. दुसरे जनावरांचे डॉक्टर. तिसरे भास्करराव, रिटायर्ड इंजिनिअर. तिघांनाही लिलावाचं वेड. डॉक्टरांच्या दवाखान्यात वायफाय चांगलं, म्हणून लिलावाच्या दिवशी तिथेच मोबाईल धरून बसायचं. बाहेर म्हशी, आत आम्ही! डॉक्टर पेंटिंग घेतात. मी एचिंग घेतो, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा खोदून छापलेली जुनी चित्रं. आणि भास्करराव घेतात फौजेच्या जुन्या तलवारी.

*

डॉक्टरांनी पहिलं पेंटिंग घेतलं तेव्हा घरात सणासारखं वातावरण होतं. हॉलची अख्खी भिंत रंगवून घेतली, वर खास लाईट लावला, आम्हाला पेढे खायला बोलावलं. पार्सल आलं. आमच्यापैकी कुणीच लिलावाच्या पानावर चित्राचं माप वाचलं नव्हतं. बॉक्स उघडला, तर पेंटिंग पोस्टकार्डाएवढं!

वहिनींनी चित्राकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "काहो, हे भित्तीले लावाचं हाय, का फ्रिजले?"

ते आजही त्याच भिंतीवर आहे. शेजारी कॅलेंडर आहे. पाहुणे कॅलेंडरचं कौतुक करतात.

*

मला हसायचा हक्क नाही. मी एकदा एचिंग मागवलं, नदीत आंघोळ करणाऱ्या बाईचं. अंगावर कपडा म्हणाल तर नाहीच! पार्सल नेमकं दुकानात गर्दी असताना आलं, आणि मी उत्साहाच्या भरात तिथेच फोडलं. समोर एक म्हातारी गणपतीचा फोटो फ्रेम करायला घेऊन उभी. मी चित्र पाठीमागे लपवायला गेलो, तर तिने हात धरला आणि नीट न्याहाळून बघितलं.

"माह्या गणपतीचं राहू दे बापू," ती म्हणाली, "पहिले इले काच लाव. थंडी वाजत असन तिले."

सगळं दुकान हसलं. मी त्या दिवशी शटर लवकर ओढलं.

*

भास्कररावांचा मान मात्र मोठा. दसऱ्याला ते सगळ्या तलवारी पाटावर मांडतात, पूजा होते, आणि मग गल्लीसमोर भाषण. ही घोडदळाची, ही तोफखान्याची! त्यांच्या भिंतीला भिंत लावून किसनभाऊंचं घर. किसनभाऊंची पिठाची गिरणी आहे. थोरला मुलगा अमोल फौजेत, धाकटा गिरणीवर. भास्कररावांची बायको यवतमाळला दवाखान्यात होती, तेव्हा दोन्ही वेळचा डबा किसनभाऊंच्या घरून जायचा. हे मुद्दाम सांगतो, लक्षात ठेवा.

एका दसऱ्याला अमोल सुट्टीवर आला होता. भास्कररावांनी त्याला समोर उभं केलं आणि सैनिकाचं मन कसं असतं ते बराच वेळ समजावून सांगितलं. पोरगा सावधानमध्ये उभा राहून ऐकत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "तू सध्या कुठं असतो?"

"बॉर्डरवर, काका."

"अस्सं? अस्सं," भास्करराव म्हणाले आणि प्रसाद वाटायला लागले.

*

आता लिंबाचं. आमच्याकडे नवरदेवाच्या हाती काही तरी शस्त्र लागतं, आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या टोकाला लिंबू टोचतात. भास्कररावांच्या भाच्याने लग्नासाठी तलवार नेली. परत आणली तरी लिंबू टोकाला तसंच! काढून बघतो तर पात्यावर काळा डाग. घासून घासून हात दुखले, डाग जाईना. ॲसिड धातूचं काय करतं ते मला माहीत, मी त्याचीच चित्रं जमवतो.

भास्करराव जवळजवळ रडले. "एवढ्या लढाया झाल्या, काही झालं नाही. अन् एका लिंबानं घात केला!"

दवाखान्यात बसून आम्ही नियम केला. लग्नाला तलवार द्यायची नाही, कुणालाच नाही. "नियम म्हणजे नियम!" हे सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो.

*

पहिले आले किसनभाऊ. अमोलचं लग्न ठरलं होतं. आम्ही तिघं भास्कररावांच्या ओसरीवर बसलो होतो. किसनभाऊ पायरीवरूनच म्हणाले, "एक दिवसासाठी तलवार भेटली असती जी. पोरगा फौजी हाय, हाती शोभन."

भास्कररावांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या. "लिंबानं पातं खराब होते, किसनभाऊ. ऐतिहासिक वस्तू हाय."

"बराबर हाय जी," किसनभाऊ म्हणाले. आणि लग्नाला सहकुटुंब यायचं आवतण देऊन गेले.

लग्नात आम्हाला पहिल्या सोफ्यावर बसवलं, फेटे बांधले. नवरदेव घोड्यावरून उतरला. हातात भाजी चिरायचा चाकू, त्याला लिंबू. किसनभाऊ मोठ्या अभिमानाने नवरीच्या मामांना आमच्याकडे घेऊन आले. "हे आमचे शेजारी. यायच्या घरी फौजेच्या तलवारी हाय!"

मामांनी भास्कररावांकडे बघितलं, मग नवरदेवाच्या हाताकडे. "मंग नवरदेव फौजी, अन् हाती चाकू काहून?"

मी डोक्यावरचा फेटा सारखा करायला लागलो. किसनभाऊ मात्र एक क्षण अडखळले नाहीत. "आमच्यात चाकूच धरतात जी. बापदाद्यापासून."

भास्करराव खाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल त्यांच्या पायातच होती. जेवताना तिघांपैकी कुणीही मान वर केली नाही, आणि किसनभाऊ येऊन येऊन आग्रहाने वाढत होते.

*

गेल्या महिन्यात त्यांच्या धाकट्याचं लग्न निघालं. भास्कररावांनी कुणी न मागता सगळ्यात चांगली तलवार काढली, तेल लावून पुसली, लिंबू स्वतः बाजारातून आणलं. एकट्याने जायची हिंमत होईना, म्हणून आम्हा दोघांना सोबत घेतलं.

किसनभाऊंनी आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा झाला. भास्कररावांनी तलवार पुढे केली. "नवरदेवासाठी आणली, किसनभाऊ. लिंबू पण हाय."

किसनभाऊंनी तलवार दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "लय सुंदर हाय जी," ते म्हणाले. मग पिठाचे हात लागले म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्याने मूठ पुसली आणि तलवार परत भास्कररावांच्या हातात ठेवली.

"पण आमच्यात चाकूच धरतात जी."