नाक्यावर मोकळी केलेली ओटी

गिरणीत शाळू ज्वारीच्या ताज्या पिठाचा गरम वास आला, की मला जिल्ह्याच्या हद्दीवरचा तो नाका आठवतो. सत्तरच्या दशकात परवान्याशिवाय ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. वडील मला औंधाकडच्या माहेराहून सांगलीकडं सासरी पोचवायला निघाले होते. घरात तांदूळ नव्हते, म्हणून आईनं शाळूनंच माझी ओटी भरली होती. नाक्यावर एसटी थांबली, पोलीस वर चढला आणि त्यानं माझ्या फुगलेल्या पदराकडं काठी रोखली. "आवं सायेब, लेकीची ओटी हाय ती," वडील म्हणाले. "ज्वारीच हाय न्हवं? मग कर रिकामी." "माझ्या रानातली ज्वारी माझ्या लेकीला द्यायला बी सरकारला इचारायचं व्हय?" "व्हय," म्हणत त्यानं पोतं पुढं केलं. भरल्या गाडीत, सगळ्यांच्या देखत मी पदर झटकला. ओटीतलं हळकुंड तेवढं त्यानं परत दिलं. सासरी पोचलो, तेव्हा दारातच सासूनं माझ्या पदराकडं बघून विचारलं, "मोकळीच धाडली व्हय माहेरानं?" वडील पाणीसुद्धा न पिता परतीच्या एसटीला निघाले. आता ज्वारी कुठंही न्या, कुणी अडवत नाही. तरी परवा माझ्या लेकीची ओटी भरताना मी आधी दार लावून घेतलं.