दादाचं तळघर

दादानं मला वाइनचं तळघर करून मागितलं, तेव्हा मला हसू आलं. मी बीडला घरांच्या आतल्या सजावटीची कामं घेते. कोचिंग क्लासच्या केबिन, दवाखान्यांचे काउंटर, नवीन लग्न झालेल्यांच्या खोल्या, कुणाचं देवघर. प्लायवूड आणि फरशी यांतच माझी वर्षं गेली. वाइनचं तळघर आमच्या जिल्ह्यात कुणी केलेलं मी ऐकलंसुद्धा नव्हतं.

"तू चित्र काढ, बाकीचं मी सांगतो," तो म्हणाला. "फक्त ते हॉटेलसारखं दिसायला नको. आपल्या शेतातलं वाटलं पाहिजे."

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. शेतकीची पदवी घेऊन तो नाशिककडं गेला, आधी द्राक्षबागेत आणि मग एका वाइनच्या कारखान्यात. तिथं पिंपं धुण्यापासून सुरुवात करून तो चव ठरवणारा माणूस झाला. कुठल्या पिंपातली वाइन तयार झाली, कुठली अजून ठेवायची, हे तो वास घेऊन आणि एक घोट तोंडात घोळवून सांगायचा, आणि घोट थुंकून टाकायचा. घरी मात्र आम्ही एवढंच बोलायचो की तो द्राक्षाच्या कंपनीत आहे. कारण आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, गळ्यात तुळशीची माळ होती.

नोकरी सोडून दादा आणि वहिनी आमच्या गावी, पालीला, परत आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. धरणाच्या बाजूला आमचं शेत आहे, तिथं त्यांनी काळ्या दगडाचं बैठं घर बांधलं आणि अण्णांना गावातून तिकडं नेलं. अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं पेव होतं. पूर्वी जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात ज्वारी साठवायचे, ते पेव. कित्येक वर्षं त्यावर दगडी शिळा होती. ऐन वैशाखात दादानं ती शिळा बाजूला करवली, आत हवा खेळू दिली आणि थर्मामीटर घेऊन शिडीनं उतरला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"वर अंगाची लाही व्हायलीय अन् खाली स्वेटर घालावा वाटतोय," तो म्हणाला. "मशीन लागणारच न्हाई आपल्याला."

मग आम्ही दोघं त्या तळघराच्या मागं लागलो. मी दर रविवारी बीडहून कागदांची गुंडाळी घेऊन जायची आणि आम्ही ओसरीवर पसरून बसायचो. पेव रुंद करायचं, भिंतींना आपल्याच शेतातला काळा दगड, सांध्यांत चुना. सिमेंट नको, त्याचा वास बसतो, असं त्याचं म्हणणं. बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. त्यासाठी मी लाकडी मांडणी काढली होती, त्यानं ती खोडली आणि कुंभाराकडून मातीचे नळे आणायला सांगितले. एकावर एक रचलेले नळे, प्रत्येकात एक बाटली. जमिनीवर वाळू, उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडायचं. हवेसाठी एक नळी खालून, एक वरून. दिवे पिवळे आणि मंद. भिंतीच्या तळाशी ओल येते म्हणून मी काळजीत पडले, तर तो म्हणाला, "येऊ दे की. ओल पाहिजेच हाय." माझ्या सगळ्या कामांत मी ओलीशी भांडत आले होते. पहिल्यांदाच कुणीतरी ओल मागत होतं.

रीतसर परवाना त्यानं काढला होता. पण खरी परवानगी अण्णांची होती आणि ती मिळाली नाही.

"ज्या पेवातली ज्वारी खाऊन आमी जगलो, तिथं दारू ठिवणार का तू?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ती तशी दारू न्हाई हो."

"मग काय हाय? उसाचा रस हाय?"

दादानं समोरचे कागद गुंडाळले.

"घर तुजं हाय. तू कर," अण्णा म्हणाले. "मी त्या खड्ड्यात पाय ठिवणार न्हाई." त्यानंतर ते या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त जेवायला आमच्यात बसायचं सोडलं. आपलं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जायचे. दादाला ते फार लागलं, पण त्यानं काम थांबवलं नाही.

भिंती अर्ध्यावर आल्या असताना त्याचा आवाज बसला. चुन्याच्या धुळीनं असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं. मग गिळताना दुखायला लागलं. बीडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. घशाचा कॅन्सर निघाला.

"मी तंबाखूला कधी शिवलो न्हाई," तो त्या डॉक्टरांना म्हणाला. जणू हे ऐकून ते आपलं म्हणणं मागं घेणार होते. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले.

रेडिएशन सुरू झालं. दादा आणि वहिनी तिकडंच खोली घेऊन राहिले. एके दिवशी त्याचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी रिक्षा थांबवून उतरले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलं.

"बाई, सकाळी तुझ्या वहिनीनं शेपूची भाजी केली व्हती. मी विचारलं, आज काय केलंय?"

मला आधी कळलं नाही. शेपूचा वास तर गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मग कळलं, त्याला वासच येत नव्हता.

"येईल परत, म्हणतात डॉक्टर," तो म्हणाला. "काही महिन्यांनी येतो लोकांना."

मला वाटलं, आता तळघराचा विषय तो काढणार नाही. पालीला परत आल्यावर त्यानं पहिल्यांदा तोच काढला. उपरण्यानं गळा झाकून तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "चित्रं आणलीस का?"

माझ्या पहिल्या चित्रात जिना उभा होता, विहिरीत उतरतात तसा. दादाला तसाच हवा होता. पण आता त्याला ओसरीची पायरी उतरतानाही वहिनीचा खांदा लागत होता. मी त्याला न विचारता पायऱ्या बुटक्या केल्या. पुढच्या खेपेला त्या आणखी बुटक्या केल्या, मध्ये वळण दिलं आणि भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी गज लावला. बांधलेलं मोडून पुन्हा बांधावं लागलं. गवंडी वैतागला. "ताई, कावून सारखं सारखं मोडायलाव?" तो म्हणाला. तेवढ्यात दादा भिंतीला धरून बाहेर आला. गवंड्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं हातोडा उचलला.

दादानं नवीन चित्र बराच वेळ हातात धरलं. "जिना बदललास?"

"जागा होती, म्हणून."

"हं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "वळणावर बसायला एक दगड ठेव. लई मोठा नको."

त्या 'हं'मध्ये त्याला सगळं कळलेलं होतं. मी कागद गुंडाळून गोठ्याच्या मागं गेले आणि पोटभर रडले.

तळघर पुरं झालं तेव्हा त्याला उतरणं शक्य राहिलं नव्हतं. आजार परत उलटला होता. नाशिकच्या मित्राकडं त्यानं ठेवलेल्या बाटल्या आल्या, नोकरीतल्या एकेका वर्षाची आठवण म्हणून राखलेल्या. तो तळघराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला आणि कुठली कुठल्या नळ्यात ते हातानं दाखवत राहिला. मी आणि वहिनी खालीवर करत होतो. स्वतःचं तळघर त्यानं असं वरूनच लावलं.

मग एका दुपारी तो म्हणाला, "मला खाली न्या."

मी आणि वहिनीनं त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पहिल्याच पायरीवर खुर्ची कलली आणि वहिनी घाबरून खाली बसली. अण्णा ओट्यावरून बघत होते. ते उठले, धोतराचा काचा मारला, वहिनीला बाजूला केलं आणि खुर्चीचे पुढचे पाय धरून उलट्या पावलांनी जिना उतरायला लागले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. मी वरून पाठ धरली होती. ते मला काही बोलत नव्हते, दादाशीच बोलत होते. "हळू. हळू रं बाळा. आलंच."

वहिनी मागोमाग उतरली. खाली गार होतं. पिवळ्या उजेडात दादानं सगळ्या भिंती डोळे भरून पाहिल्या. दगडावरून हात फिरवला. मग एका नळ्याकडं बोट केलं. मी बाटली उघडून पेल्यात थोडी ओतली. त्यानं सवयीनं पेला फिरवला, नाकाशी नेला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं पेला माझ्याकडं दिला.

"काय येतंय?"

"द्राक्षाचा वास येतोय, दादा."

"तो सगळ्यालाच येतो, बाई. अजून?"

मी पुन्हा घेतला. मला खरंच काही सांगता येईना. वहिनीनं घेतला आणि म्हणाली, "आंबट हाय." दादानं डोळे मिटले.

"हिकडं दे," अण्णा म्हणाले. वहिनीनं पेला त्यांच्या हातात दिला. "पिणार न्हाई मी. नुस्ता वास घेतो."

त्यांनी पेला आधी लांब धरला, मग जवळ आणला. "आंब्याची आढी," ते सावकाश म्हणाले. "तळाचे आंबे, जरासे उतरलेले."

दादानं डोळे उघडले. "अजून?"

"नव्या चपलेचं चामडं. अन् लांब कुठंतरी लाकूड जळून इझल्यावानी."

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मान हलवत होता. "बराबर हाय, अण्णा. मला बी हेच यायचं."

"मग हे शिकायला नाशकाला कावून गेलतास?"

दादा हसला. हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. अण्णांनी पेला वाळूवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पोळ्याच्या आधी दादा गेला. पुढच्या खोलीत, दिवसाउजेडी, वहिनी नळीनं दूध भरवत असताना. शेतातच त्याला अग्नी दिला.

दिवसकार्य झाल्यावर कारखान्यातले त्याचे सोबती आले. बाटल्या घेऊन जा, असं वहिनीनंच त्यांना सांगितलं. ते खाली उतरले आणि दगडावरून हात फिरवत हिंडले. एकानं मला विचारलं, हे कुणी केलं. मी सांगितलं, दादानं केलं. त्यांची गाडी गेल्यावर अण्णा दुपारचं न जेवताच झोपले.

मी आणि वहिनी ओसरीवर होतो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला वाटलं, ती तळघर बुजवायचं विचारेल. ती खाली बघून म्हणाली, "ताई, एक सांगू का? तुमच्यासंगं ते दगडाचं, चुन्याचं, वाइनचं बोलायचे. हसायचे. मी आतून ऐकायची. माझ्यासंगं मात्र गोळी, नळी अन् थुंकायचं भांडं. तेवढंच राहिलं व्हतं आमच्यात. शेवटच्या वर्षात माझा नवरा तुमच्याकडंच व्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"काय बोलायचे?" तिनं विचारलं. "सांगा मला. सगळं सांगा."

मी आठवेल तसं सांगत गेले. सिमेंटचा वास बसतो म्हणाला, ते. माझी लाकडी मांडणी खोडली, ते. ओल पाहिजेच म्हणाला, ते. ती शेंगा फोडायची थांबली होती. मध्येच ती "मग?" म्हणायची आणि मी पुढं सांगायची. काही गोष्टी मी दोनदा सांगितल्या, तरी तिनं थांबवलं नाही. उन्हं कलली, गोठ्यात म्हैस हंबरायला लागली. धार काढायची वेळ टळून चालली होती. वहिनी उठली नाही.