वांगं-मार्शमॅलोचं थालीपीठ आणि माझे फिलिपिनो वाचक

माझ्या ब्लॉगला पहिले वाचक मिळाले ते डेंटिस्टच्या खुर्चीत. माझं तोंड उघडं, तोंडात थुंकी ओढणारी नळी, आणि दात साफ करणारी फिलिपिनो बाई मला विचारत होती, "तुम्ही काय करता?" या लोकांना असे प्रश्न नेमके तेव्हाच सुचतात. व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे एरवीही या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. मी नळीसकट म्हणाले, "ब्लॉग लिहिते." तिला ते कसं कळलं कोण जाणे. तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि मास्कच्या आतून ओरडली, "मी पण!"

मी नागपूरची. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, लेक शाळेत, घर अमेरिकेत, फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये. दिवसभर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी मराठीत ब्लॉग सुरू केला होता. नावाला पाककृती, पण खरं म्हणजे तक्रारी. भरल्या वांग्याची कृती लिहिता लिहिता मी फ्रीवेवर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि नवऱ्याच्या मीटिंगांवर तोंडसुख घेत असे. मला ते फार चांगलं जमतं असं मला वाटत होतं, पण वाचत कोणीच नव्हतं. आई म्हणायची, "वांगी मीच तुला शिकवली, त्यात मी काय वाचू?" इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "वाचते हं सवडीने," आणि ती सवड कोणाला कधी मिळालीच नाही. नवऱ्याने एकदा माझ्यासमोर ब्लॉग उघडला, झरझर खाली सरकवला आणि "छान फॉन्ट आहे" म्हणाला.

मला हजारो वाचक नको होते. एक हवा होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. एवढं मागणं काही फार नव्हतं.

दातवालीने मला त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. बे एरियातले, म्हणजे आमच्या आसपासच्या गावांतले, फिलिपिनो ब्लॉगर. कोणी लिपस्टिकवर लिहायचं, कोणी बाळाच्या डायपरवर, एक गृहस्थ फक्त विमानतळांवरच्या नूडल्सवर. "पण मी फिलिपिनो नाही," मी म्हणाले. "काही हरकत नाही, सिस," ती म्हणाली, "तू कॉमेंट करतेस ना?"

हा तिथला एकमेव नियम होता. दर शुक्रवारी प्रत्येकाने एक पोस्ट टाकायची, तिची लिंक ग्रुपच्या पानावर चिकटवायची, मग इतर सगळ्यांच्या ब्लॉगवर जाऊन कॉमेंट करायची. ज्याने तुमच्याकडे कॉमेंट केली त्याच्याकडे तुम्ही जायलाच हवं. नाही गेलात तर कोणी काही बोलत नाही, पण पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे शुकशुकाट. अशाने सगळ्यांचं ट्रॅफिक वाढतं आणि गूगलला वाटतं की हे कोणीतरी मोठे लोक आहेत.

मला हे समजावून सांगावं लागलं नाही. हे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार. वाण म्हणून तू मला प्लॅस्टिकचा डबा दिलास, मी तुला प्लॅस्टिकची चाळणी देणार. डबा कोणालाच नको आहे आणि चाळणीही नको आहे, पण गेलं नाही तर वर्षभर तोंडं वाकडी. या खेळात मी लहानपणापासून तयार झालेली. पदर खोचला आणि कामाला लागले. डायपरच्या पोस्टवर लिहिलं, "किती उपयुक्त!" नूडल्सवर लिहिलं, "तोंडाला पाणी सुटलं!" लिपस्टिकच्या खालीही चुकून तेच लिहिलं, तर तिने बदाम पाठवला.

आणि माझ्याकडे माणसांची रीघ लागली. "यमी, सिस!" "सो इन्स्पायरिंग!" "थँक्स फॉर शेअरिंग, माझ्याकडेही ये!" पहिल्या शुक्रवारी मी आनंदाने नवऱ्याला फोन दाखवत घरभर फिरले. ब्लॉगच्या कडेला ग्रुपचा बिल्ला लावला, त्यावर फिलिपिनो झेंड्यातला सूर्य आणि तीन तारे. महिन्याभरात कोणीतरी केलेल्या 'बे एरियातले उगवते फिलिपिनो फूड ब्लॉग' अशा यादीत माझं नाव आलं. मंडळातल्या एका काकूंनी तो बिल्ला पाहिला आणि मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "अगं, घरी सगळं ठीक आहे ना?" मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र बाजूला घेऊन वेगळंच विचारलं. मंडळाच्या वेबसाइटलाही तसा बिल्ला मिळेल का?

मग मी एक पोस्ट लिहिली. वडील गेले त्या वर्षी आईने दिवाळीला काहीच केलं नव्हतं, फक्त एक दिवस न सांगता अनारसे केले, कारण ते त्यांना आवडायचे, आणि मग ते कोणीच खाल्ले नाहीत. लिहिताना मी रडले होते. खाली कॉमेंट आल्या, "यमी, सिस!" "परफेक्ट फॉर पार्टी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेक म्हणाली, "आई, दे कान्ट रीड मराठी. व्हॉट डिड यू एक्स्पेक्ट?" काय अपेक्षा होती ते मला सांगता येईना, म्हणून मी तिला खोली आवरायला सांगितलं. नवऱ्याने ब्लॉगवर कोण येतं त्याचे आकडे उघडून पाहिले. सगळे येतात, कॉमेंट करतात आणि क्षणात जातात. फक्त हेवर्डहून कोणीतरी दर शुक्रवारी येतं आणि बराच वेळ थांबतं. "कॉमेंट करतं का?" मी विचारलं. "नाही. टॅब उघडा ठेवून झोपत असेल कोणी," नवरा म्हणाला.

त्या शुक्रवारी तो मला न सांगता ऑफिसातल्या कोणाच्या तरी फेअरवेलला गेला. मी डाळ गरम करून, गार होऊ देऊन, पुन्हा गरम करून बसले होते. त्याच रागात लॅपटॉप ओढला आणि एक पाककृती लिहिली: वांगं-मार्शमॅलोचं थालीपीठ. भाजलेलं वांगं, भिजवलेला साबुदाणा, मूठभर मऊ गोड मार्शमॅलो, गोडा मसाला, पिवळं मस्टर्ड, आणि पीठ कोकमध्ये मळायचं. पुढे लिहिलं, "मळताना नवऱ्याच्या नावाने एकदा मोकळेपणी ओरडावं. मनात ठेवलं तर ते पिठात उतरतं. थालीपीठ तव्यावर टाकलं की त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं, ते लाजाळू असतं." आणि ब्लॉगवर टाकून दिली.

"यमी, सिस!" "आज रात्रीच करणार!" "माझ्या मुलांना फार आवडलं!" हे शेवटचं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि ठरवलं, आता पुरे. वार्षिक मेळाव्याला एकदा जायचं, सगळ्यांना हसून नमस्कार करायचा आणि बिल्ला उतरवायचा.

मेळावा दीड महिन्याने युनियन सिटीच्या एका पार्कात होता. ग्रिलचा धूर, बॅटरीवर चालणारी कॅराओके, आणि टेबलभर जांभळे केक, तळलेल्या गुंडाळ्या, नूडल्सची परात. पण खायला हात कोणी लावत नव्हतं, कारण आधी फोटो. प्रत्येक जण प्रत्येक पदार्थाचा वरून फोटो घेत होता. माझ्या बटाटेवड्यांचा फोटो घ्यायला नूडल्सवाले गृहस्थ बाकावर चढले आणि म्हणाले, "सिस, एक वडा जरा डावीकडे." वडे गार, केक वितळलेला, पोरं भुकेने किंचाळत होती. माझा नवरा कोपऱ्यात उभा राहून नुसता चिप्स खात होता, कारण चिप्सचे फोटो कोणाला नको होते.

मग दातवालीने माइक हातात घेतला आणि वर्षभरात सर्वांत जास्त कॉमेंट करणाऱ्या सदस्याचं नाव जाहीर केलं. ती मी होते. मला पुढे नेलं, खांद्यावरून सौंदर्यस्पर्धेत घालतात तसा चकचकीत पट्टा घातला, त्यावर लिहिलं होतं 'मिस कॉमेंट', आणि डोक्यावर खड्यांचा मुकुट चढवला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी राजीनामा द्यायला गेले होते आणि मला मुकुट मिळाला. हात कसा हलवायचा तेही त्यांनी दाखवलं.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. ग्रुपमध्ये सगळे त्यांना 'लोला' म्हणत, म्हणजे आजी. हेवर्डला राहायच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, ब्लॉग गुलाबांचा. त्यांनी फॉइल काढलं आणि माझ्यासमोर ताट धरलं. राखाडी रंगाची, चिकट, कडेने जळलेली चकती, आणि तिच्यातून एक मार्शमॅलो अर्धवट बाहेर आलेला.

"तुमच्या मानासाठी," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमची पाककृती."

सगळ्यांनी फोन वर केले. मुकुट सांभाळत मी एक तुकडा तोंडात टाकला. मस्टर्ड आधी नाकात गेलं, मग गोड, मग वांगं, मग पुन्हा गोड. इतका वाईट पदार्थ मी आयुष्यात खाल्ला नाही. लोकांनी फोटो घेतले आणि "यमी!" म्हणत पांगले. चव कोणीच घेतली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना बाकावर बसवलं. "आजी," मी म्हणाले, माझ्या तोंडून मराठीच निघालं, मग इंग्रजीत सांगितलं की ही पाककृती खोटी आहे, मी रागाने लिहिली, कोणी वाचतं का ते बघायला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "वांग्यात मार्शमॅलो कोण घालतं? मी म्हातारी आहे, मूर्ख नाही." भाषांतराचं बटण दाबून त्या माझं सगळं वाचत. भाषांतर धड नसायचं, म्हणून दोनदा वाचत. कॉमेंट त्यांनी कधी केली नव्हती. 'यमी' लिहायला त्यांना लाज वाटायची आणि दुसरं काय लिहायचं ते कळायचं नाही. अनारशांबद्दल त्यांनी विचारलं, "मग ते अनारसे आईने टाकून दिले का?" मी म्हणाले, नाही, आठवडाभर डब्यात होते. त्यांनी मान हलवली.

"मग हे कशाला केलंत?" मी विचारलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. "माझा नवरा गेला. मला न विचारता सगळी बाग काढून सिमेंट घालून ठेवलं होतं त्याने, आणि मग गेला. गुलाब मी आता कुंड्यांत लावते. सगळे म्हणतात, किती चांगला माणूस होता. मीही म्हणते. तुम्ही लिहिलंत, मळताना ओरडा. मी पीठ घेऊन त्याच्या फोटोसमोर उभी राहिले आणि ओरडले. कुत्रा घाबरून पळाला. मग तव्याकडे पाठ करून उभी राहिले, ते बरं झालं, रडताना कोणी बघत नव्हतं. आता मी दर शुक्रवारी करते. खात नाही. फक्त करते."

 पलीकडे कॅराओकेवर दातवाली गाणं म्हणत होती आणि माझा नवरा टाळ्या वाजवत होता, चुकीच्या ठिकाणी.

"बाकी सगळं खोटं, ते कळलं मला," आजी म्हणाल्या. "पण ते ओरडायचं वाक्य. ते खरं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "तेवढं एकच."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. माझा तिरका झालेला मुकुट त्यांनी सरळ केला, आणि मी हात पुढे करून आणखी एक तुकडा घेतला.