ठाण्यातलं तिसऱ्या रविवारचं जेवण

लेकीने ऑफिसातल्या ठाण्याच्या मुलाचं नाव काढलं तेव्हाच मी सांगून टाकलेलं, पिणाऱ्या घरात मुलगी देणार नाही. मुलगा ईस्ट इंडियन, म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यात ख्रिस्ती झालेले, पण मराठीच बोलणारे इथले जुने लोक. धर्माचं मला काही नव्हतं. पण त्यांच्या लग्नाकार्यात दारू असते हे मी ऐकून होते, आणि माझा बाप दारूतच गेला. आमच्या घरात पंचशील रोज म्हटलं जातं. त्यातलं पाचवं, दारूला न शिवण्याचं, मी नुसतं म्हणत नाही.

लेक म्हणाली, बरं. आणि पुढच्या रविवारपासून मला डोंबिवलीहून ठाण्याला खायला न्यायला लागली. "आई, चल, तुला जुनं ठाणं दाखवते." पहिल्या रविवारी कोळीवाड्यातले तळलेले बोंबील. दुसऱ्या रविवारी तलावपाळीला कोकम सरबत आणि पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च. मी खूश! पोरगी आईचे लाड करतेय. तिसऱ्या रविवारी चर्चमागच्या गल्लीत एका बैठ्या घरासमोर थांबली.

"आई, चिडू नकोस. हे त्याचं घर."

चिडले तर होतेच! पण दारात मुलाची आई हसत उभी, तिच्या तोंडावर पाठ कशी फिरवायची?

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तर फळीवर ओळीने बिअरच्या बाटल्या. माझं डोकंच फिरलं. तशीच ओल्या हातांनी चपला शोधायला लागले.

"अहो, मसाला आहे तो!" बाई धावत आल्या. बूच काढून बाटली माझ्या नाकाशी धरली आणि शिंकांनी माझा जीव गेला. उन्हाळ्यात कुटायचा आणि उजेड लागू नये म्हणून काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा, अशी त्यांची रीत.

"आणि बाटल्या रिकाम्या कुणी केल्या?" मी सोडते होय!

"भंगारवाल्याकडून आणते. पण खोटं कशाला बोलू? नवरा सणाला घेतो. पोरगा नाही घेत."

सगळ्या आया असंच म्हणतात, मी मनात म्हटलं. तरी जेवायला बसले. त्या मसाल्यातला कोंबडीचा रस्सा असा काही झालेला की मी दोनदा मागून घेतला. सोबतचे फुगे मात्र, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, दगड! भिडेखातर चावत होते.

बाईंचाच चेहरा पडला. "आज बिघडले हो. आमच्यात पीठ ताडीने फुगवतात. तुमची मुलगी बोलली, आईला चालत नाही. म्हणून यीस्ट घालून बघितलं. सासूबाई होत्या तेव्हापासून या घरात ताडीशिवाय फुगे कधी झाले नव्हते."

गुपचूप ताडी घातली असती तर मला या जन्मात कळलं नसतं. फुगे छान टम्म झाले असते, मीही पोटभर खाल्ले असते. घरी पहिल्यांदा आलेल्या माणसासमोर या बाईने स्वतःचे फुगे बिघडवून घेतले, पण मला फसवलं नाही. मला एकदम भरून आलं, आणि पोराबद्दलच्या त्यांच्या शब्दावर शंका घेतल्याची लाजही वाटली.

मी अजून एक फुगा पानात घेतला.

"मग," मी म्हटलं, "बोलणी करायला आमच्याकडे कधी येताय?"

लेक भर जेवणात रडायला लागली.