उसातला बिबट्या आणि माझं लाल पेन

निरगुडसर गावाच्या आसपास कुणी इंग्रजी शिकवत असेल, तर जरा सांगा मला. संध्याकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही.

माझ्या क्लासला नववीच्या मुली येतात. घरी कुणी बोललेलं एखादं वाक्य इनडायरेक्ट स्पीचमध्ये लिहून आणा, असं मी सांगितलं होतं. तन्वीनं इंग्रजीत लिहिलं होतं, काकांनी सांगितलं की आमच्या उसात बिबट्या आहे. मी लाल पेनानं ‘इज’ खोडून ‘वॉज’ केलं. ‘सांगितलं’ हे भूतकाळात, म्हणून आतलं क्रियापदही भूतकाळात, हा नियम.

"पण मॅडम, त्यो अजून हितंच हाये. काल शेजारची शेळी नेली त्यानं."

"असू दे. पेपरात वॉजच लिही."

तिनं ‘वॉज’ लिहिलं.

क्लास सुटला तेव्हा अंधारून आलं होतं. आमच्याकडं मुली वस्तीवर एकट्या जात नाहीत. घरचं कुणीतरी बॅटरी घेऊन येतं, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतं आणि सगळ्यांना मधे घेऊन चालतं. आज कुणीच आलं नव्हतं आणि तन्वी नि तिच्या वस्तीवरची मैत्रीण, दोघी चपला घालून निघाल्याही होत्या. मी त्यांना आत ओढलं, दाराला कडी लावली आणि तन्वीच्या काकांना फोन केला.

"भाऊ, लवकर या. उसात बिबट्या आहे, मी पोरींना सोडणार नाही."

फोन ठेवला तर तन्वी वही उघडून बसलेली.

"मॅडम, आता तुमचं वाक्य कसं लिहू?"

पोरी सुखरूप घरी पोचल्या. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहायला सांगितलं असतं?