फायरमनकाकांची कोळशाची खोली

हात काळे केल्याशिवाय फायरमनकाका कोणाला बाहेर सोडायचे नाहीत. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्यात त्यांची नोकरी गेलेली. कल्याणच्या रेल्वे कॉलनीमागे त्यांची एक खोली होती, तिला ते म्युझियम म्हणायचे. आत वाफेच्या इंजिनाचं फावडं, हातदिवे, शिट्टी, आणि चंद्रपूरकडच्या खाणीत असलेल्या थोरल्या भावाचं हेल्मेट. आलेल्याच्या हातात आधी कोळसा द्यायचे. "दादानं खणला, मी जाळला. धर. नुसतं बघून काय कळणार, कपाळ?"

मी तिथं गेलेलो ते हातगाडी घेऊन. भंगार घेतो मी. दुसरीत दोनदा नापास झालो तेव्हा मास्तर म्हणालेले, याला वजनावर विका. मी धंदाच तो पकडला. फावडं बघून भाव सांगितला तर काका म्हणाले, "आधी कोळसा भरून उचल." उचलला, तो माझ्याच पायावर. "हलत्या इंजिनात भट्टीच्या तोंडात टाकायचा असतो रे. उद्या ये, शिकवतो." मी रोज जायला लागलो. दोन वर्षांत त्यांनी मला एक खिळासुद्धा विकला नाही.

मग रेल्वेच्या ऑफिसातून नोटीस आली. खोलीत भंगार साठवलंय, रिकामी करा. काकांनी ती घडी करून खिशात टाकली. "साहेबाला इथं आणायचं." गुडघे गेलेले, तरी रोज जिना चढून ऑफिसच्या बाकड्यावर बसायचे. शिपाई म्हणायचा, "आजोबा, साहेब मीटिंगमध्ये आहेत." काका म्हणायचे, "असू दे. मी ड्युटीवर आहे." अकराव्या दिवशी साहेब कंटाळून हो म्हणाला.

मला वाटलं, आपण पण काहीतरी करू. साहेब येणार त्या सकाळी मी फावड्याला चंदेरी ऑइलपेंट मारला. दांड्यासकट. चकाचक! काका बघून खालीच बसले. "या दांड्यावर चार फायरमनचे हात झिजलेत. एका डब्यात चौघांना पुसलंस, गाढवा." मग काचेचा तुकडा घेऊन खरवडायला लागले. एक तुकडा मला दिला. साहेब आला तेव्हा आम्ही दोघं चंदेरी भुतं.

"तू कोण?" साहेबानं मला विचारलं.

मी आपला खरं बोललो. "भंगारवाला."

साहेब हसला. "बघा आजोबा, तुमचाच माणूस भंगार म्हणतो."

काकांचा हात थांबला नाही. "मग त्यालाच विचारा. धंदा आहे त्याचा. यातलं भंगार कुठलं?"

माझी फाटली. आयुष्यात कोणी मला कसलं मत विचारलेलं नव्हतं. म्हटलं, "साहेब, मी फुटकी बादली सोडत नाही. पण हे फुकट दिलं तरी नेणार नाही. तोडलं तर परत कोण बनवणार?"

साहेबानं खरवडलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं. "ठीक आहे, वर्षभर राहू दे."

"लेखी द्या," काका म्हणाले. आणि कागद मिळेपर्यंत त्याच्या मागे मागे फिरले.

काका गेले त्याला दुसरा पावसाळा. आता दर वर्षी त्या बाकड्यावर मी बसतो आणि लेखी घेऊनच उठतो. काकांचा मुलगा डोंबिवलीहून घर रिकामं करायला आलेला, त्यानं मलाच बोलावलं. सगळं वजन करून घेतलं. शेवटी काकांचे बूट उरले, निखाऱ्यांनी भोकं पडलेले. "हे पण टाका काट्यावर," मुलगा म्हणाला. मी ते काखेत मारले आणि खोलीत आणून ठेवले. खाली पाटी लावायला बसलो, पण दुसरी नापासाच्या हातून एवढा माणूस लिहून होईना. पाटी कोरीच राहिली. कोणी विचारलं हे कोणाचे, तर म्हणतो, "वेळ आहे ना? बसा."