तळपायावरचे दाणे

महादेवाचा मला तेव्हा इतका राग आला होता की मी त्याचं नाव घेणंच सोडलं. दरवर्षी मी मार्कंड्याला त्याच्या जत्रेला पायी जाते. यंदा जत्रेच्या तोंडावर जंगलात सरपणाला गेले आणि डाव्या पापणीवर गोचीड चिकटला. सासूबाईंनी तो नखाने उपटला. काही दिवसांत तिथे काळी खपली धरली, डोळा सुजून मिटला, मग हाडं फोडणारा ताप आला आणि अंगभर लाल दाणे उठले.

झालं. सासूबाई म्हणाल्या, "माता आली. आता औषध नाई, दवाखाना नाई. माता कोपते." अंगावर दाणे उठले की देवी अंगात आली, असं आमच्याकडे मानतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. नवऱ्यानेही नंदीबैलासारखी मान डोलावली. गोचिडामुळेच झालं, असं मी पडल्या पडल्या ओरडून सांगत होते, पण तापातलं बोलणं कोण मनावर घेतो? हे लोक मला भक्तिभावाने मारणार, हे कळत होतं. तुझ्याकडेच येत होते ना रे, असं मी देवालाही सुनावलं.

जत्रेला निघालेली एक अनोळखी बाई पाणी मागायला दारात थांबली. कडुलिंब पाहून ती माझ्यातल्या मातेच्या पाया पडायला आत आली. आमच्याकडे तशी रीत आहे. मला तिचाही संताप आला. मरणारीच्या कसल्या पाया पडता? तिने माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि तशीच थबकली.

"तळपायाले दाणे आहेत हिच्या," ती म्हणाली. "माझ्या भावाले असेच होते. आमीबी माताच समजलो. गोचीड लागला होता काय हिले?"

सासूबाईंनी माझ्या पापणीकडे बोट दाखवलं. ती बाई माझ्या नवऱ्यावर कडाडली, "पाहून काय राह्यले? गाडी काढा. माझा भाऊ असाच गेला."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती काळी खपली पाहिली. चाव्यातून जंतू रक्तात गेले होते. आणखी उशीर झाला असता तर मी हाती लागले नसते. गोळ्यांनी ताप उतरला, डोळाही वाचला. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र सगळ्यांचंच राहून गेलं.

बरी झाल्यावर मी मार्कंड्याला गेले. हात जोडले, रडले, उपकार मानले आणि भांडलेही. मला वाचवायचं होतं तर आधी तिच्या भावाला का नेलंस? राग अजून गेलेला नाही, तरी मी मान तुकवली, कारण श्वास त्याच्याच कृपेने चालू आहे. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून "तिचा भाऊ" एवढंच म्हणून मी वैनगंगेत एक दिवा सोडला.